तुमचा कागद बिघडलेला, बाबांचा चांगला

पत्र: डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, वय ३८, शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. माझ्या ईसीजीवर मशीनने छापलं: ‘सायनस अ‍ॅरिदमिया, इनकम्प्लीट आरबीबीबी, अ‍ॅबनॉर्मल ईसीजी’. मला त्रास काहीच नाही, पण तेव्हापासून झोप नाही, जिना चढायलाही भीती वाटते. दुसरं बाबांचं. वय ६९, कोराडीच्या वीज केंद्रातून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आहेत, काचबिंदूचे थेंब आहेत. तीन-चार महिन्यांपासून महिन्यातून दोन-तीनदा त्यांच्या छातीत धडधड होते, पंधरा-वीस मिनिटं राहते आणि आपोआप जाते. मागच्या बुधवारी सक्करदऱ्याच्या बाजारात डोळ्यांपुढे अंधारी आली, स्कूटरला टेकून खाली बसले. धंतोलीत नेलं तर ईसीजी एकदम नॉर्मल. डॉक्टरांनी होल्टर सांगितलं, म्हणजे चोवीस तास अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं यंत्र. बाबा म्हणतात, “कागद नॉर्मल आहे नं, मंग काहून पैसे घालवून राहिली?” मावशी म्हणते गॅस आहे. आधी कोणाकडे बघू?

उत्तर: ताई, आधी बाबांकडे. पण तुमचा कागद डोक्यातून निघाल्याशिवाय तुम्ही बाबांचं नीट वाचणार नाही, म्हणून तो आधी उरकून टाकतो.

‘सायनस अ‍ॅरिदमिया’ या नावालाच माणूस घाबरतो. खरं म्हणजे हा आजार नाहीच. श्वास आत घेतला की ठोके किंचित भराभर पडतात, सोडला की संथ होतात. तरुण आणि ठणठणीत माणसात हे जास्त दिसतं, वय वाढलं की कमी होतं. आत्ता बसल्या जागी करून बघा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवा, पाच आकडे मोजत श्वास घ्या, पाच मोजत सोडा. नाडी श्वासाबरोबर पळते आणि रेंगाळते, ते बोटांना कळेल. मशीनने जे छापलं ते एवढंच.

‘आरबीबीबी’ म्हणजे राइट बंडल ब्रांच ब्लॉक. यातल्या ‘ब्लॉक’चा आणि अँजिओग्राफीतल्या ‘ब्लॉकेज’चा काडीचा संबंध नाही. उजव्या बाजूला जाणाऱ्या तारेतून वीज थोडी उशिरा पोचते आणि ‘इनकम्प्लीट’ म्हणजे तेही अर्धवट. निरोगी माणसांत हे सर्रास सापडतं. शिबिरात घाई असते, छातीवरचे पहिले दोन बिंदू एक बरगडी वर चिकटवले गेले तरी हीच आकृती उमटते. एकदा तुमच्या डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावून ऐकू द्या. आवाजात काही वेगळं वाटलं तर ते इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतील, नाहीतर फाइल बंद. पळताना-चढताना कधी बेशुद्ध पडला असाल, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर तेवढं मात्र त्यांना आवर्जून सांगा. तसं काही नसेल तर जिना चढा.

मशीनचं कसं असतं, तिला नियम पाठ असतात, माणूस दिसत नाही. कागद किती खोटं बोलू शकतो हे मी निवासी डॉक्टर असताना शिकलो. रात्री दोन वाजता एका पेशंटचा ईसीजी माझ्यासमोर आला. पहिल्या लीडमधल्या (लीड म्हणजे हृदयाकडे बघण्याचा एक कोन) सगळ्या लाटा उलट्या, पायावर टांगल्यासारख्या. मी घाईघाईने केसपेपरवर भलंमोठं निदान लिहिलं, नातेवाईकांना बाहेर बोलावून गंभीर चेहऱ्याने समजावलंही. ईसीजीच्या खोलीतले जुने टेक्निशियन कागद बघून म्हणाले, “साहेब, पेशंट बरा आहे. हाताचे क्लिप उलटे लागले.” डाव्याचा उजव्याला लावला होता. क्लिप बदलून पुन्हा काढला, लाटा सरळ. त्या नातेवाईकांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून कुठलाही कागद हातात आला की मी आधी विचारतो, हा काढला कोणी आणि त्या क्षणी पेशंटला होत काय होतं?

आता बाबा.

त्यांना माझ्याकडून एक प्रश्न विचारा. कोराडीत एखादा फीडर रात्रीतून दोनदा ट्रिप झाला आणि सकाळी कोणी दहा सेकंद मीटरकडे बघून लॉगबुकात ‘सप्लाय नॉर्मल’ लिहिलं, तर बाबा त्याला काय म्हणाले असते? मला वाटतं, ते इथे छापता येणार नाही. धंतोलीत जो ईसीजी निघाला तो असाच दहा सेकंदांचा आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाचे एक लाखाच्या वर होतात. त्यातले बाराच त्या कागदाने पाहिले, आणि तेही धडधड थांबल्यावर. ईसीजी नॉर्मल आला याचा अर्थ त्या दहा सेकंदांत बाबांचं हृदय व्यवस्थित चाललं होतं. बुधवारी बाजारात काय झालं, हे त्या कागदाला माहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी होल्टर सांगितलं ते बरोबर सांगितलं.

इलेक्ट्रिशियन माणसाला हा विषय आवडायला हवा, म्हणून थोडं त्यांच्या भाषेत. हृदयाचं स्वतःचं वायरिंग आहे. उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे, तिथून प्रत्येक ठोक्याची सुरुवात होते. ती वीज वरच्या दोन कप्प्यांत पसरते, कागदावरची पहिली बुटकी लाट ‘पी’ ती हीच. मग ती एव्ही नोडपाशी येते, तिथे मुद्दाम थांबवली जाते, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकी. वरच्या कप्प्यांतलं रक्त खाली उतरायला तेवढा वेळ लागतो. तिथून पुढे हिजच्या बंडलमधून आणि पुरकिंज तंतूंतून वीज खालच्या कप्प्यांत झपकन जाते, तो उंच टोकदार ‘क्यूआरएस’. शेवटची गोलसर ‘टी’ म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होणं.

आणि हे सगळं किती व्होल्टचं? कागदावर दहा छोटे चौकोन उंच लाट म्हणजे एक मिलीव्होल्ट. घरातले २३० व्होल्ट याच्या दोन लाख तीस हजार पट आहेत. म्हणूनच मशीनजवळ जुना कूलर चालू असला, अर्थिंग नीट नसलं, की रेषेवर ५० हर्ट्झची बारीक दातेरी जाळी चढते. बाबांना ती एका नजरेत ओळखता येईल. विलेम आइंथोवेन या डच शास्त्रज्ञाने हे यंत्र उपयोगात आणलं तेव्हा पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवत. १९०५ मध्ये त्याने लायडनच्या इस्पितळातल्या पेशंटच्या हृदयाचे सिग्नल टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांब आपल्या प्रयोगशाळेत आणले. पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्याचीच, नोबेल १९२४ चं.

धंतोलीचा कागद घरी असेलच. बाबांना चष्मा लावून मोजायला बसवा, ते मोजतील. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर पळतो. एक छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा, पाच छोट्यांचा एक मोठा, ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमध्ये जितके मोठे चौकोन, त्या आकड्याने ३०० ला भागा, मिनिटाचे ठोके निघतात. चार चौकोन असतील तर ७५. अंतरं सारखी नसतील तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा सगळ्यात खालच्या लांब पट्टीवरची दहा सेकंदांतली टोकं मोजून सहाने गुणायचं. उंच टोकाच्या आधी प्रत्येक वेळी बुटकी पी आहे का, हेही बघायला सांगा. या एका गोष्टीवर पुढचं बरंच काही ठरतं.

‘धडधड’ हा शब्द मात्र मला पुरत नाही. माझ्याकडे पेशंट आला की मी त्याला टेबलावर बोटांनी वाजवून दाखवायला सांगतो. बाबांनाही सांगा, आणि तुम्ही ऐका.

ठेका नीट चाललाय, मध्येच एक ठोका लवकर पडला, मग एक रिकामी जागा, मग एक जोरदार ‘धप्प’ आणि पुन्हा नीट, असं वाजवलं तर ते बहुधा एक्टोपिक ठोके. माणसाला वाटतं हृदय क्षणभर थांबलं. प्रत्यक्षात एक ठोका वेळेआधी पडून गेलेला असतो, आणि पुढच्या विश्रांतीत हृदय जास्त भरतं म्हणून नंतरचा जोरात आदळतो. हृदय बाकी चांगलं असेल तर हे बहुतेकदा निरुपद्रवी.

बटण दाबल्यासारखं एकदम सुरू, मिनिटाला दीडशेच्या वर, पण घड्याळासारखं एकसारखं, आणि तसंच एकदम बंद, असं असेल तर एसव्हीटीचा, म्हणजे सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियाचा, संशय. वायरिंगमध्ये एक जादा रस्ता असतो, वीज त्यात गोल गोल फिरत बसते. कॅथेटरने तो रस्ता जाळून टाकता येतो, त्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात, आणि बहुतेकांचा त्रास कायमचा जातो.

आणि तिसरं, ज्याची मला बाबांच्या बाबतीत काळजी आहे. बोटं कुठलाच ठेका धरू शकत नाहीत. टिनाच्या शेडवर पाऊस पडावा तसं, कधी दोन थेंब जवळ, कधी लांब, कधी जोरात, कधी हलका. ही एट्रियल फिब्रिलेशन, एएफ. वरच्या कप्प्यांत वीज सैरावैरा धावते, ते आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरतात. कागदावर पी दिसेनाशी होते आणि टोकांमधली अंतरं एकाशी दुसरं जुळत नाही.

धडधडीने माणूस बेजार होतो, पण एएफचा खरा धोका मेंदूला. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहान पिशवी असते. कप्पा नुसता थरथरत राहिला की तिच्यात रक्त साकळतं, गुठळी होते, सुटते आणि मेंदूत जाऊन अडकते. एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका साधारण पाचपट असतो. आपोआप थांबणारी एएफ ही सुद्धा एएफच. पंधरा मिनिटांत गेली म्हणून हा धोका गेला, असं नाही. बाबांचं वय ६५ च्या वर, त्यात बीपी, त्यात शुगर. एएफ सापडली तर रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टर बहुधा सुचवतील. तेव्हा कोणी म्हणेल, “त्यापेक्षा ॲस्पिरिन घ्या, स्वस्त आहे.” या कामात ॲस्पिरिन तिची जागा घेत नाही.

आता अंधारी. तिची कारणं हृदयाबाहेरचीही असू शकतात. बीपीच्या गोळीने उभं राहिल्यावर दाब पडतो, शुगरच्या गोळीवर जेवण लांबलं तर साखर उतरते, आणि बाजाराच्या वेळी ऊन असेल तर विचारायलाच नको. बाबांचं बीपी एकदा झोपून आणि एकदा उभं करून मोजून घ्या. पण धडधडीच्या पेशंटला अंधारी आली की मी आणखी एक गोष्ट शोधतो. वयानुसार सायनस नोड थकतो. एएफ थांबते तेव्हा त्याने लगेच सूत्रं हातात घ्यायची असतात, आणि तो तीन-चार सेकंद उठतच नाही. तेवढा वेळ मेंदूला पुरवठा बंद, डोळ्यांपुढे काळोख. एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर जाण्याचा हा चेंजओव्हर कोराडीच्या माणसाला मी सांगायला नको. हेच निघालं तर पेसमेकरचा विचार होतो. त्याला घाबरायचं कारण नाही. जगातला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये ज्यांच्या शरीरात बसवला, ते आर्ने लार्सन पुढे ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

तुमच्या पत्रात जाताजाता आलेल्या एका शब्दावर मी अडलो: काचबिंदूचे थेंब. त्यांत टिमोलॉल (बीटा ब्लॉकर जातीचं औषध) असेल तर ते डोळ्यातून नाकाच्या नळीत आणि तिथून रक्तात जातं आणि हृदयाची गती कमी करू शकतं. बीपीची गोळीही त्याच जातीची असेल तर दुहेरी ब्रेक लागतो. गोळ्या विचारल्या की कोणी डोळ्यांचे थेंब सांगत नाही, कारण ते औषध वाटतच नाही. म्हणून सगळ्या गोळ्या, थेंब, सर्दीची एखादी उरलेली स्ट्रिप, हे सगळं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. मनाने मात्र काहीही बंद करू नका. थेंब थांबले तर डोळ्यातला दाब वाढेल आणि ती बीपीची गोळी एकदम सोडली तर हृदय उसळी मारेल.

होल्टरबद्दल बाबांचा पैशाचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. त्रास महिन्यातून दोन-तीनदा होतो आणि यंत्र चोवीस तास लावणार. त्या चोवीस तासांत धडधड येईलच असं नाही, आणि आली नाही तर पुन्हा एक ‘नॉर्मल’ कागद घरी येईल आणि बाबा तो तुमच्यासमोर नाचवतील. तरी मधल्या काळात लक्षात न येणारे थांबे किंवा एएफचे छोटे झटके चोवीस तासांत बरेचदा सापडतात, म्हणून पहिली पायरी तीच. पण डॉक्टरांना सरळ विचारा, सात किंवा चौदा दिवस छातीला चिकटवायचा पॅच मिळेल का? कशातच सापडलं नाही आणि अंधारी येतच राहिली तर कातडीखाली बसवायचा लूप रेकॉर्डरही असतो, तो दोन-तीन वर्षं नोंद ठेवतो. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी इस्पितळात हृदयरोग विभाग आहे, खाजगीचा खर्च झेपत नसेल तर तिथे जा.

होल्टर लावलं की बरीच माणसं पलंगावर देवासारखी बसून राहतात. तसं करू देऊ नका. नेहमीसारखं फिरायला जावं, जिना चढावा, भाजी निवडावी. अंघोळीला मात्र सुट्टी. घामाने इलेक्ट्रोड सुटतात, म्हणून लावताना छातीवरचे केस काढून, कातडी पुसून कोरडी करा. सोबत एक वही द्या: किती वाजता काय वाटलं, तेव्हा काय करत होतो. यंत्रातली वेळ आणि वहीतली वेळ जुळली की निदान निम्मं झालं. नॉर्मन होल्टरचं सुरुवातीचं यंत्र पाठीवर घ्यावं लागे, जवळपास ३८ किलोचं. आताचं खिशात मावतं, हे तक्रार करणाऱ्याला सांगायचं.

त्याआधीच धडधड सुरू झाली तर काय? घड्याळ बघा, नाडीवर बोट ठेवून एकसारखी आहे की वेडीवाकडी ते पाहा, आणि बाबांना घेऊन ईसीजी निघेल अशा सगळ्यात जवळच्या दवाखान्यात जा. तिथे पोचताच एवढंच म्हणा, “धडधड चालू आहे, आधी ईसीजी काढा.” इंजेक्शन, गोळी, सल्ला सगळं त्यानंतर. चालू धडधडीतला एक कागद थांबल्यानंतरच्या दहा कागदांना भारी. शेजारच्या कोणाकडे ईसीजीवालं स्मार्ट घड्याळ असेल तर तेही चालेल. ते एकाच लीडचं असतं, त्यावरून हार्ट अ‍ॅटॅक नाही असं म्हणता येत नाही, पण ठेका पकडायला उपयोगी पडतं.

कागद मिळाला की लगेच फोटो काढा. हा थर्मल कागद असतो. मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेला ईसीजी माझ्यापर्यंत काळाकुट्ट होऊन आलेला आहे, आणि कपाटात ठेवलेले तीन वर्षांत पांढरे झालेत.

नाडी वेडीवाकडी आहे म्हणून मान चोळू नका. मोबाइलवर फिरणारे ‘जोरजोरात खोकला, अ‍ॅटॅक टळेल’ वगैरे संदेश बाबांना वाचून दाखवू नका. छातीत दडपण आणि घाम, श्वास पुरेनासा होणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, हाताची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी झालं तर १०८ ला फोन लावा, धडधड थांबायची वाट बघू नका. मावशींना सांगा, गॅसने ढेकर येतो. सक्करदऱ्यात माणूस खाली बसतो ते गॅसने नाही.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड, पोटॅशियम आणि एक इको, हे डॉक्टर बहुधा सांगतीलच. उन्हाळ्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल आणि घाम भरपूर जात असेल तर पोटॅशियम उतरतं आणि ठोके बिघडतात. घोरणं जास्त असेल तर तेही सांगा, त्याचा एएफशी संबंध आहे. चहाचा एवढा बाऊ नको. दारू घेत असतील तर ती मात्र नक्की भडकावते. आणि खर्रा. तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण चाळीस वर्षं शिफ्ट केलेला नागपुरी माणूस आहे, म्हणून विचारतो. तंबाखूतलं निकोटिन ठोक्यांना चाबूक मारतं. “मी सिगारेट पीत नाही” हे उत्तर मी मान्य करत नाही.

होल्टरचा निकाल येईपर्यंत स्कूटरची चावी तुमच्याकडे ठेवा. बाबा भांडतील. बुधवारचा बाजार तुम्ही करा, किंवा त्यांना मागे बसवून न्या. थेंबांच्या बाटलीवरचं नाव मला उलट टपाली कळवा, आणि टेबलावर बाबांनी काय वाजवून दाखवलं तेही.